नववी-दहावीच्या फिजिक्सला एकेका मुलाकडे लक्ष लागतं, पण ते विकतच का घ्यावं लागावं?

पांझराकाठ

मी धुळ्यात नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. दहावीला मुख्यतः भाग १, आणि त्यातही फिजिक्सचे धडे: गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन (एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना वळणं), भिंगे. यंदा शाळा सुरू झाल्यापासून पालक एकच गोष्ट विचारतायत. "सर, आमच्या मुलाला एकट्याला शिकवाल का? बॅचमध्ये त्याला समजत नाही." ऑनलाइन 'वन टू वन' शिकवणाऱ्यांचे फोनही याच पालकांना जातात. माझं मत मांडतो. विरोधात असाल तर मोकळेपणाने लिहा.

आधी हे लक्ष लागतं कशाला, ते सांगतो. ६ ओहम आणि ३ ओहमचे दोन रोध समांतर जोडले तर परिणामी रोध किती? उत्तर २ ओहम: १/६ अधिक १/३ बरोबर १/२, आणि ते उलटं केलं की २. आता चुकलेल्या वह्या बघा. एका मुलीने लिहिलंय ९. तिने सरळ बेरीज केली, म्हणजे एकसर (एकापाठोपाठ एक) आणि समांतर (शेजारी-शेजारी) जोडणीतला फरक तिच्यापर्यंत पोचलेलाच नाही. एका मुलाने लिहिलंय अर्धा ओहम. तो १/६ अधिक १/३ बरोबर १/२ इथपर्यंत अचूक आला आणि शेवटी उलटं करायचं विसरला. तिसऱ्याने लिहिलंय साडेचार. या तिसऱ्याकडे नीट बघा. त्याने १/६ अधिक १/३ बरोबर २/९ केलं, वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली, आणि मग नियमाप्रमाणे ते उलटंही केलं. त्याला सूत्र पाठ आहे, पायऱ्या माहीत आहेत. तो अडलाय अपूर्णांकांच्या बेरजेत, जी तो दोन-तीन वर्षांपूर्वीच शिकून पुढे आलाय असं सगळे धरून चालतात.

तिन्ही उत्तरं चूक, तिघांना लाल फुली. फळ्यावर तेच गणित पुन्हा सोडवून दाखवलं तर उपयोग फक्त मधल्याला. ९ लिहिणाऱ्या मुलीच्या हातात सेल, वायर आणि दोन बल्ब द्यायला हवेत. तिसऱ्याला अपूर्णांक शिकवायला हवेत, तेही चारचौघांत त्याचा पाणउतारा न करता.

आणि ही झाली दिसणारी चूक. न दिसणारी जास्त वाईट. ओहमच्या नियमावरचं गणित बिनचूक सोडवणाऱ्या मुलाला विचारा: दोन सारखे बल्ब एकसर जोडले, सेलच्या धन टोकाजवळचा बल्ब जास्त उजळेल की दुसरा? कितीतरी हुशार मुलं सांगतात, जवळचा. खरं तर दोन्ही सारखेच उजळतात. पण त्यांच्या मनात वीज पहिल्या बल्बमध्ये थोडी 'खर्च' होते आणि उरलेली पुढे जाते. असं मूल चांगले गुण घेऊन सायन्सला जातं आणि बारावीत किर्चहॉफचे, म्हणजे सर्किटमधल्या धारेचे आणि व्होल्टेजचे, नियम आले की कोसळतं.

म्हणून लक्ष हवंच. पण त्यासाठी एकास एक शिकवणीच हवी, हे मला पटत नाही. मुलं साठ असली तरी चुका साठ प्रकारच्या नसतात. एका प्रश्नावर चार, फार तर पाच प्रकारच्या चुका निघतात. वर्ग गुणांनुसार न पाडता चुकीनुसार पाडला तर पंधरा मुलांच्या गटातही प्रत्येकाला आपल्याला हवं तेच मिळतं. हे काम शाळेतच व्हावं. आठवड्याला दोन तास, मदतीला गावातली बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग झालेली दोन पोरं, तासावर मानधन. हे लक्ष घराघरांतून विकत घेण्याची वस्तू झालं, तर ज्याला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे तो अपूर्णांकवाला मुलगाच त्यातून बाहेर पडेल. त्याच्या घरी तेवढे पैसे बहुधा नसतात.

गिरणाई

सर, निदान उत्तम, औषध चुकलं. मी जळगावात घरी जाऊन शिकवते, एका वेळी एकच मूल. फिजिक्समध्ये एम.एस्सी. आहे.

तुमच्या पंधराच्या गटात बोलणार कोण? जी आधीपासून बोलतात तीच. माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच जणींनी शाळेत वर्ष-वर्ष एकही प्रश्न विचारलेला नसतो. सुरुवातीचे काही दिवस त्या माझ्यासमोरही गप्प असतात. मग एक दिवस हळूच विचारतात, "मॅडम, चेंडू वर गेला आणि एक क्षण थांबला, तेव्हा त्याचं त्वरण शून्य होतं ना?" वेग शून्य, त्वरण मात्र ९.८ च राहतं, हे समजावायला मला दहा मिनिटं लागतात. पण तो प्रश्न तोंडातून बाहेर यायला जे लागतं ते गटात मिळत नाही, आणि मुलं-मुली एकत्र असतील तर मुळीच नाही.

बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांचा १९८४ चा लेख या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे. एकास एक शिकवलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला, असं त्यांनी मांडलं. म्हणजे लक्षाचा फायदा भावनेपुरता नाही, तो मोजलेला आहे.

आणि फी घेण्याला 'विकणं' म्हणू नका, सर. फी तुम्हीही घेताच. नोकरी नसलेल्या, लग्नानंतर गाव बदललेल्या किती शिकलेल्या बायकांचं घर या शिकवण्यांवर चालतं, याचाही विचार करा.

कपाशीवाला

भाऊ, गोट खरी शे. मन्हा पोऱ्या यंदा दहावीमा शे.

आता सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो. पारोळा तालुका. तालुक्याच्या गावी एका क्लासवाल्याने एकट्याला शिकवायचे वर्षाचे तीस हजार सांगितले. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ७,५२१ रुपये क्विंटल. म्हणजे चार क्विंटल कापूस एका विषयाला. व्यापारी हमीभाव देतोच असं नाही, ती वेगळी गोष्ट. बॅचमध्ये बसवलं तर दहा हजार, तरी सव्वा क्विंटलच्या वर जातो. आणि घरात एकच मूल नाही. मुलगी आठवीत आहे. आत्ता मुलावर खर्च केला तर दोन वर्षांनी तिच्या वेळेला "मागल्या वेळेस झाला तेवढा खर्च बस" असं घरातलेच म्हणतील, हे मला आजच दिसतंय. आणि फिजिक्सची गोडी तिला त्याच्यापेक्षा जास्त आहे.

ताईंना एक विचारायचंय. शिकवणी संध्याकाळी सातला सुटली तर गावाकडची एस.टी. किती वाजता असते? शहरात राहणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. आमच्याकडे मुलीची शिकवणी याच एका गोष्टीवर ठरते. शाळा सुटल्यावर शाळेतच तास-दीड तास झाला तर गावातली सगळी मुलं मिळून परत येतील. मी ही चर्चा सुरू करणाऱ्या पांझराकाठ भाऊंच्या बाजूने आहे.

खडूफळा

सगळं शाळेनेच करावं. छान. मी अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, जळगाव जिल्ह्यातच, म्हणून स्पष्ट लिहितो.

माझ्या तुकडीत ७० च्या आसपास मुलं. तास ३५-४० मिनिटांचा. हजेरी घेईपर्यंत पाच मिनिटं जातात. मतदार यादीचं काम येतं, सर्वेक्षणं येतात, ऑनलाइन माहिती भरायची असते, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराची नोंद. माझी पदवी रसायनशास्त्रातली. आमच्याकडचे दुसरे विज्ञान शिक्षक वनस्पतिशास्त्राचे. भिंगांचा धडा मी शिकवतो, नीट शिकवतो, पण त्यासाठी आदल्या रात्री बसून स्वतः आकृत्या काढतो. शिक्षक निवृत्त झाला की जागा वर्षानुवर्षं भरली जात नाही, तासिका तत्त्वावर कोणीतरी येतो आणि दिवाळीनंतर दुसरी नोकरी मिळाली की जातो.

अशा ठिकाणी तुम्ही म्हणता, प्रत्येक वहीतली चूक कोणत्या जातीची ते ओळखा आणि गट पाडा. ७० वह्या, एकेकीला दोन मिनिटं धरली तरी दोन तास वीस मिनिटं. एका प्रश्नासाठी. वर्षात प्रश्न किती?

एक कायद्याची बाजूही आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २८: शिक्षकाने खाजगी शिकवणी घ्यायची नाही. योग्यच आहे. पण शाळेतच जादा तास घ्या, मानधन कुठून तरी येईल, असं म्हणाल तर त्याचा हिशेब लेखी लागतो. आणि क्लासबद्दल म्हणाल तर केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, १६ वर्षांखालच्या मुलाला कोचिंगमध्ये घ्यायचंच नाही. त्या कोण पाळतं ते मला दाखवा.

गिरणाई

खडूफळा सर, त्या सूचनांमध्ये कोचिंगची व्याख्या ५० पेक्षा जास्त विद्यार्थ्यांना शिकवणारी जागा अशी आहे. घरगुती शिकवणी त्यात येत नाही. शिवाय त्या सूचना आहेत, कायदा करायचा तो राज्यांनी. बाकी तुमचं सगळं मान्य, आणि म्हणूनच म्हणते, शाळेला हे झेपणार नाही. जे झेपणार नाही त्याची वाट बघत मुलाचं दहावीचं वर्ष घालवायचं का?

पांझराकाठ

तिघांनाही उत्तर देतो.

गिरणाई ताई, फी मी घेतो आणि घेत राहीन. शिकवणीवर घर चालवण्याला माझा विरोध नाही. लक्ष मिळण्याचा तो एकमेव रस्ता होऊ नये, एवढंच म्हणणं आहे. ब्लूम यांचे आकडे फार मोठे होते आणि पुढे ते तेवढे टिकले नाहीत. कर्ट व्हॅनलेन या संशोधकांनी २०११ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा माणसाने एकास एक शिकवण्याचा परिणाम साधारण ०.७९ प्रमाण विचलनांचा निघाला (प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीपासून किती पसरलेले असतात त्याचं माप). ब्लूम म्हणत होते २. तरी ०.७९ हाही चांगलाच फायदा आहे, नाकारत नाही. पण शिक्षक एकटा बसला या गोष्टीने तो होत नाही. मुलाची पायरी कुठे चुकली हे तिथल्या तिथे पाहिलं जातं, त्याने होतो. एकट्याला बसवून फळ्यावरचंच व्याख्यान देणाऱ्या शिकवण्या मी भरपूर पाहिल्या आहेत. तिथे पालक पैसे देतात लक्षाचे, आणि मुलाला मिळते वर्गातलीच तासिका.

गप्प बसणाऱ्या मुलींचा मुद्दा मात्र फार खरा आहे. म्हणून मी तोंडी विचारतच नाही. अर्ध्या कागदाची चिठ्ठी देतो. एक प्रश्न, खाली 'असं का वाटतं' यासाठी दोन ओळी, नाव मागच्या बाजूला. जी बोलत नाही ती लिहिते.

खडूफळा सर, वह्या तपासू नका, चिठ्ठ्यांचे ढीग करा. समांतर रोधांच्या प्रश्नाला उत्तरं ९, अर्धा, साडेचार आणि २, पाचवा ढीग 'इतर'. वाचायचं फक्त उत्तर, कारणाच्या ओळी लागल्या तरच. सत्तर चिठ्ठ्या पंधरा मिनिटांत लागतात. आणि रोज नाही, धड्याला दोन चिठ्ठ्या पुरतात.

पैशांचं म्हणाल तर हिशेब असा. आठवड्याला दोन तास, वर्षाचे कामाचे ३० आठवडे, म्हणजे ६० तास. तासाला २०० रुपये, दोन मदतनीस: २४ हजार. साठ मुलांत वाटले तर डोई ४०० रुपये, अख्ख्या वर्षाचे. कपाशीवाले भाऊ म्हणतात त्या बॅचच्या फीपुढे हे काय आहे? ज्यांना देणं होत नाही त्यांचं गावातून, माजी विद्यार्थ्यांकडून, शाळा समितीकडून, पावती फाडून. गावात गणपतीची वर्गणी याहून जास्त जमते.

भुसावळ जंक्शन

मी दोन्ही बाजूंच्या विरोधात. पुण्यात इंजिनिअर आहे, वाढलो भुसावळच्या रेल्वे कॉलनीत.

मुलाची प्रत्येक चूक कोणीतरी तत्परतेने पकडावी, ही कल्पनाच फिजिक्सला मारक आहे. फिजिक्स कळतं ते अडल्यावर. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जायचा आणि घरोघरी कूलर. मुंबईहून आलेला एक मुलगा म्हणाला, आमच्याकडे कूलर चालतच नाही, नुसती चिकचिक होते. तोच पंखा, तीच गवताची जाळी, तेच पाणी, मग असं का? आम्ही पोरं कितीतरी दिवस भांडलो. कोणी म्हणे तिथलं पाणी वेगळं, कोणी म्हणे समुद्राचा वारा. मग जूनमध्ये पाऊस आला आणि भुसावळातही कूलर बिनकामाचा झाला, तेव्हा लक्षात आलं की भानगड हवेत आधीच असलेल्या बाष्पात आहे. पाण्याची वाफ होताना ऊष्मा लागते, ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी असं पुस्तकात असतं, आणि ती वाफ कोरड्या हवेतच झपाट्याने होते. दहावीच्या उष्णतेच्या धड्यात अप्रकट ऊष्माही आहे आणि सापेक्ष आर्द्रताही. शेजारी कोणी खाजगी शिक्षक बसलेला असता तर त्याने ते दोन मिनिटांत सांगून टाकलं असतं आणि मी ते परीक्षेनंतर विसरलो असतो.

आजची मुलं एक गणित अडलं की वही बाजूला ठेवून 'सर येतील तेव्हा' म्हणतात. माझ्या हाताखाली अशी मुलं नोकरीला येतात. हुशार असतात, पण कोणी पहिली पायरी दाखवल्याशिवाय हलत नाहीत.

अभ्यासच हवा असेल तर अमेरिकेतल्या रिचर्ड हेक यांचा १९९८ चा बघा. फिजिक्सचे ६२ अभ्यासक्रम, साडेसहा हजार विद्यार्थी. जिथे मुलं आपसात बोलत, करून बघत शिकली तिथे समजेतली वाढ शक्य असलेल्या वाढीच्या सरासरी ४८ टक्के, नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात २३ टक्के. यात खाजगी शिकवणी कुठेच नाही. मुलांना मुलांशी भांडू द्या.

गिरणाई

जंक्शन भाऊ, रेल्वे कॉलनीत तुमच्याबरोबर भांडायला पोरांचा अड्डा होता. त्या अड्ड्यावर मुली किती होत्या? हेक यांच्या अभ्यासात बहुतांश कॉलेजची मुलं आहेत, चौदा वर्षांची नव्हेत. आणि अडू द्यायचं किती वेळ, हे ठरवणं हेच तर शिक्षकाचं कसब. मी पण दोन मिनिटांत उत्तर देत नाही. "दोन्ही बल्बांची जागा बदलून बघ" म्हणते आणि चहा प्यायला आत जाते.

ठिबक कोड

जळगावचाच, शैक्षणिक सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. माणसावरच का अडताय? पांझराकाठ सरांनी व्हॅनलेन यांचा अर्धाच निष्कर्ष सांगितला. त्याच लेखात पायरी-पायरीवर प्रतिसाद देणाऱ्या संगणकीय शिकवणीचा परिणाम ०.७६ आहे, माणसाच्या जवळजवळ बरोबरीचा. दिल्लीत मुरलीधरन, सिंग आणि गणिमियन यांनी माइंडस्पार्क या प्रणालीचा अभ्यास केला, २०१९ ला प्रसिद्ध झाला. मुलाच्या पातळीवरून सुरू होणारा संगणकीय सराव, सहावी ते नववीची मुलं, साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनांची सुधारणा. साडेचार ओहम लिहिणाऱ्या मुलाची चूक सॉफ्टवेअर सेकंदात ओळखेल, आणि त्याला चारचौघांत लाजही वाटणार नाही.

पांझराकाठ

ठिबक कोड भाऊ, त्याच लेखात नुसतं अंतिम उत्तर तपासणाऱ्या प्रणालींचा परिणाम ०.३१ च्या आसपास आहे, तेही सांगा. मुलांच्या मोबाइलवर जी अ‍ॅप्स दिसतात त्यांतली बहुतेक त्याच प्रकारची, किंवा त्याहूनही वाईट: गणिताचा फोटो काढा, पूर्ण सोडवलेलं उत्तर घ्या. जंक्शन भाऊंची भीती तिथे शंभर टक्के खरी ठरते. आणि दिल्लीचा तो कार्यक्रम घरी मोबाइल देऊन झालेला नाही. शाळा सुटल्यावर मुलं केंद्रात येत, तिथे गटात शिकवणारा माणूसही असे. असं केंद्र शाळेत उभं राहत असेल तर मी स्वतः खुर्च्या लावायला येतो. पण मराठी माध्यमाच्या मुलाला मराठीतून, पायरी बघून, फिजिक्स शिकवणारी वस्तू तुमच्याकडे आज तयार आहे का?

ठिबक कोड

गणित आहे. फिजिक्स मराठीत तेवढं नाही. करतोय.

सातपुडा पायथा

नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळेवर शिक्षक आहे. इथली चर्चा वाचून वाटलं की सगळे धुळे-जळगावचंच बोलतायत.

आमची मुलं घरी पावरी किंवा भिली बोलतात. मराठी त्यांची शाळेतली भाषा, इंग्रजी तिसरी. खाजगी शिक्षक, क्लास, अ‍ॅप यांतलं काहीच इथे पोचत नाही, त्यामुळे 'विकत की फुकट' हा वाद आमच्यापुरता आधीच मिटलेला आहे. एक गोष्ट मात्र आहे जी तुमच्याकडे नाही. मुलं रात्री इथेच असतात. जेवणानंतर अभ्यासिका असते.

त्या वेळी दहावीतली दोन-तीन मुलं नववीच्या मुलांना आपल्या भाषेत समजावतात, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं जमतं. विहिरीतून बादली ओढताना कप्पीवरून दोर खाली ओढला की बादली वर का येते, यावर ती पावरीत अर्धा तास बोलतात आणि मग मला येऊन मराठीत सांगतात. मी फक्त चुकीचं काही पुढे जात नाही ना, एवढं ऐकत बसतो. कधी कधी चुकीचं जातंच. एकदा 'जड वस्तू आधी पडते' हे तिघांनी मिळून सगळ्या अभ्यासिकेला पटवून दिलं होतं. मग मोठा दगड आणि लहान दगड बरोबरच गॅलरीतून सोडून दाखवला. कागद सोडला तर तो मागे का राहतो, यावर पुढचे दोन दिवस गेले.

म्हणून जंक्शन भाऊंना सांगतो, मुलांना भांडू द्या हे बरोबर, पण ऐकणारा मोठा माणूस खोलीत हवा. आणि गिरणाई ताईंना सांगतो, आमच्याकडच्या मुली मोठ्या मुलीला विचारतात, मला विचारत नाहीत. एकास एक लक्ष द्यायला दरवेळी एम.एस्सी.च लागते असं नाही.

शेवटचा बाक

मी अकरावी सायन्सला आहे, अमळनेर. मोठ्यांच्या बोलण्यात पडते, माफ करा.

मराठी माध्यमातून दहावी झाली. फिजिक्सचं सगळं आता इंग्रजीतून आहे, त्यामुळे जे दहावीत पक्कं झालं तेवढंच आज हातात आहे. पाठ केलेलं काहीच उपयोगी पडत नाहीये. आरशाची आणि भिंगाची चिन्हं, कुठलं अंतर धन आणि कुठलं ऋण, मला दहावीत कोणी विचारलंच नाही की तू हे चिन्ह का लावलंस. उत्तर बरोबर यायचं म्हणून सगळे पुढे गेले. आत्ता रोज तिथेच अडते. क्लास होता मला. चांगला होता, नोट्स छापील होत्या.

जुना खडू

निवृत्त मुख्याध्यापक, रावेर तालुका. एक आठवण करून देतो. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक आपल्या खिरोद्यात झालं. खिरोदा आणि आसपासच्या गावांतल्या शाळांमध्ये, तिथल्याच शिक्षकांना बरोबर घेऊन विज्ञान शिकवण्याचा तो प्रकल्प होता. खान्देशातल्या खेड्यातल्या मुलाला विज्ञान कुठे अडतं, हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी इथे गांभीर्याने विचारला गेलाय. तेव्हा 'शाळेला झेपणार नाही' हे मी सहज मान्य करणार नाही. खडूफळा सरांची दमछाक खरी आहे. ती दमछाक आहे तशी ठेवून मुलांना शिकवणीच्या दारात पाठवणं, यात सरकारची सोय आहे, मुलांची नाही. रिकाम्या जागांसाठी पालकांनी शाळेत नव्हे, जिल्हा परिषदेत जाऊन बसलं पाहिजे.

खडूफळा

मुख्याध्यापक सर, तुमच्यासारखे पालकांना जिल्हा परिषदेत पाठवणारे मुख्याध्यापक आता फार थोडे राहिलेत. असो.

मदतनीस, मानधन, वर्गणी यातलं काही मी माझ्या शाळेत आणू शकेन असं आज वाटत नाही. मूळ मुद्दा अजूनही तसाच आहे: हे शिक्षकाच्या डोक्यावर आणखी एक काम आहे आणि त्याचा पगार कोणी देत नाही. पण चिठ्ठ्यांचे ढीग एकट्याला करता येतात, तेवढं करून बघतो. माझा अपवर्तनाचा धडा दिवाळीआधी येईल. पांझराकाठ सर, प्रश्न तुम्ही द्या. तीनच द्या.

पांझराकाठ

घ्या सर.

एक. वाटीत तळाशी नाणं आहे, काठामुळे दिसत नाही. वाटीत पाणी ओतल्यावर दिसू लागलं. नाणं कसं दिसलं ते किरण काढून दाखवा. यात आकृती नीट आली की नाही ते नंतर बघा, आधी बाण बघा. बरीच मुलं बाण डोळ्यातून नाण्याकडे काढतात. त्यांचा वेगळा ढीग. ती मुलं अजून 'डोळा बघायला जातो' असं समजून चालली आहेत, त्यांना अपवर्तनाच्या आधी प्रकाशच शिकवावा लागेल.

दोन. प्रकाश हवेतून काचेत शिरला. वेग, वारंवारता, तरंगलांबी, यांपैकी काय बदलत नाही? वारंवारता हे उत्तर पाठ असतं, म्हणून खालच्या दोन ओळी इथे जरूर वाचा.

तीन. किरण काचेवर सरळ लंबाच्या दिशेने पडला. तो वळेल का? त्याचा वेग बदलेल का? 'वळणार नाही, म्हणून वेगही बदलणार नाही' असं लिहिणाऱ्यांचा ढीग सगळ्यात मोठा निघेल. दिशा तीच राहते, पण वेग काचेत कमी होतोच.

गिरणाई

तिसरा प्रश्न मी उद्याच वापरणार आहे. वादात मी आहे तिथेच आहे. पण खडूफळा सर, तुमच्या 'बाण उलटा' ढिगात मुली जास्त निघतात की मुलं, ते इथे नक्की लिहा.

खडूफळा

लिहितो. दुसरा प्रश्न मात्र काढतोय. पस्तीस मिनिटांत तिन्ही बसणार नाहीत, आणि नाण्याला वेळ जाणार. वाट्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातून आणतो.